बिनहवेचा पट

जिनिंगचा हंगाम सरला की
वजनकाट्याच्या खोलीत रात्री एकच गाडी येते,
तीही वजन करायला नाही.
सहा चाकांची, डब्याच्या पत्र्यासारखी हलकी.
कुठल्याशा सूर्याच्या चौथ्या ग्रहाच्या दुसऱ्या चंद्रावर
एकोणीस रात्री झाल्या, मी ती हाकतोय.

नियम साधा आहे : उडायचं नाही.
यान डोक्यावर घिरट्या घालत असलं
तरी त्याला हाक मारायची नाही.
दरीच्या या काठावरून निघायचं, चंद्राला अख्खा वेढा घालायचा
आणि चाकांवरच परत इथं यायचं.

अकरा निघालो होतो, सात उरलो.
पुसदची नुजहत, फार्मसी शिकते,
कायम पुढे असते आणि वळणावर थांबून शिव्या देते.
कुरखेड्याचा तिरुपती कुमरे,
त्याचं नेटवर्क म्हणे मोहाच्या झाडाला विचारून येतं.
आणि फिनलंडचा कोणी एक म्हातारा,
बोलत काहीच नाही,
दिवे दोनदा लुकलुकवतो, झालं.

चिंधूमामा राखणदार.
सरकीच्या पोत्यावर बसून पाहत असतो,
तोंडात न पेटवलेली बिडी; इथं काडी ओढायला मनाई.
पंधरा वर्षं शंकरपटात धुरकरी होता.
तळेगावच्या पटात निखळलेला खांदा
अजून उजवीकडेच वळायला बघतो.

"काऊन रे बापा, इतका दाबून काऊन हाकतं?
उतार लागला का कासरा ढिला सोडा लागते.
जोडीले तिचं पाऊल पाहू दे."
मामा, हे बैल नाहीत.
"मंग चाकाले पाहू दे."

मी बोट सैल केलं.
गाडी सरळ झाली.

तिथं वजनच कमी.
एक धोंडा लागला की गाडी उचलली जाते
आणि सरकीतून सुटलेल्या रुईसारखी
उतरते, उतरतच राहते.
आपटायच्या आधी पुष्कळ विचार करता येतो.
आमच्या पांदणीत ती सवलत नाही :
जुलैत काळी माती मोटारसायकलीचं चाक धरते,
दहा पावलांवर थांबा, तुराटीनं मडगार्ड खरवडा.
तिची मोजणी चारदा झाली, खडी एकदाही पडली नाही.
चंद्रावर निदान
कोणी नारळ फोडून गेलेलं नाही.

विसाव्या रात्री, विवराच्या चढावर,
बासष्ट किलोमीटर राहिले असताना
डीपीवर ठिणगी उडाली आणि गाव गेलं.
पडदा काळा. काट्यावरचा लाल शून्यसुद्धा विझला.

आम्ही बाहेर काट्याच्या लोखंडी पाटावर बसलो,
दोघांचं मिळून किती भरलं असतं कोण जाणे.
"तुई गाडी आता कुठी हाय?"
मी उगाच एका बाजूला बोट दाखवलं,
बाभळीच्या जरा वर.
मामा बराच वेळ तिकडे पाहत राहिला.
"चढावर उभी हाय म्हन्तं, अन् उटी कोन लावली?"
मला उत्तर आलं नाही.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी लाईन आली.
पडदा उजळला तर तोच चढ, तीच माझी गाडी
आणि तिच्या उताराच्या अंगाला
सहा गाड्या, चाकाला चाक लावून.

"भोयर, झोपला होतास काय?" नुजहत.
तिरुपती नुसता हसला, मागे कोंबडा आरवला.
फिनलंडवाल्यानं दिवे दोनदा लुकलुकवले.

मामा पडद्याच्या अगदी जवळ आला.
"पटात असं कोनी थांबत नाही," म्हणाला,
"घड्याळ थांबत नाही ना."
मग टॉर्च घेऊन फाटकाबाहेर गेला.
मला वाटलं, बिडी पेटवायला.
खिडकीतून पाहिलं तर
बाभळीच्या जरा वर, मी दाखवलेल्या चुकीच्या जागेकडे
टॉर्च धरून त्यानं बटण दाबलं,
सोडलं,
पुन्हा दाबलं.

मी कासरा सैल धरला.
बासष्ट किलोमीटर अजून तसेच होते.